चढताना बुटका पुढे

माझ्या मेहुण्याच्या टाचांबद्दल मला काहीही विचारा. डावीला उभी भेग आहे, ताई तिच्यात रोज मेण भरते आणि ती रोज उघडते. उजवीला भेग नाही, पण चालताना ती जराशी बाहेर फेकली जाते, कोणी हाक मारल्यासारखी. त्याचा चेहरा मी फक्त जेवताना बघतो, तोही घाईत. माझा जन्म या टाचांच्या मागे गेला. लोकांना आयुष्यात काय काय बघायला मिळतं, मला हे मिळालं.

आमचा धंदा खुर्ची उचलण्याचा. गावाच्या मागे डोंगर आहे आणि त्या डोंगराच्या पोटात फार जुना मठ आहे, संन्याशांनी छिन्नीने खोदून काढलेला. तो बघायला लांबून माणसं येतात. ज्यांचे गुडघे धड आहेत ती पायऱ्या चढून जातात, ज्यांचे नाहीत ती आमच्या खुर्चीत बसतात. लाकडी खुर्ची, तिच्या दोन्ही बाजूंना लांब दांडे, एक माणूस पुढे, एक मागे. ते संन्यासी बिचारे माणसांचा वीट आला म्हणून एवढ्या उंचावर जाऊन राहिले, आणि आम्ही माणसं उचलून उचलून त्यांच्या दारात नेऊन टाकतो. आज ते असते तर आमची धडगत नव्हती.

या धंद्यात एकच नियम आहे. चढताना बुटका पुढे, उतरताना उंच पुढे. कारण साधं आहे. चढावर पुढचा माणूस वरच्या पायरीवर असतो, तो बुटका असला तरच दांडे सपाट राहतात, नाहीतर बसलेला माणूस मागे कलंडतो. मी उंच आहे. गाव मला उंट म्हणतं, आणि माझी चाल बघता त्यात काही चूक आहे असं मला वाटत नाही. मेहुणा माझ्या खांद्याला लागतो. तो ताईचा नवरा, म्हणजे माझा दाजी, पण मी दिवसभर दाजी दाजी करत राहिल्याने सगळं गाव त्याला दाजी म्हणायला लागलं. खुर्च्यांच्या पाळ्या लावणारा मुकादमसुद्धा. तो माझा एकट्याचा होता, आता सगळ्यांचा झाला.

तर चढताना दाजी पुढे. मला मागून काय दिसतं? खुर्चीची पाठ, बसलेल्या माणसाचं डोकं, आणि खुर्चीच्या खालून दाजीच्या टाचा. माझ्या पायाखालच्या पायऱ्या दिसत नाहीत. पायऱ्या मला दाजी सांगतो. पायरी उंच आली की तो म्हणतो, उंच. शेवाळ असलं की, ओलं. दगड हलत असला की, सुटं. एकेकच शब्द, कारण दुसऱ्याला दम पुरत नाही. वर पाण्याचं टाकं आहे, त्याच्या खालच्या वळणावर एक पायरी अर्धी तुटलेली होती, तिच्यावर पाय द्यायचाच नाही, ओलांडून जायचं. तिथे तो म्हणायचा, मोडकी. की मी लांब ढांग टाकायचो. मी त्याच्या शब्दावर इतका विसंबून होतो की तो उंच म्हणाला की माझा गुडघा आपोआप वर यायचा, मग मी मनात कुठे का असेना.

मधे महिनाभर वाट बंद होती. पायऱ्यांची दुरुस्ती काढली होती. आम्ही घरी बसून एकमेकांच्या डोक्यावर मिरी वाटली. ताई म्हणाली, बंद वाटेपेक्षा तुम्ही दोघं जास्त त्रासदायक आहात. वाट उघडल्याचा निरोप आला तेव्हा माझी कंबर सोडून सगळ्यांना आनंद झाला. माझ्या कमरेत एक मणका आहे, तो आपल्याला हवं तिथे बसतो.

पहिल्याच दिवशी आमच्या वाट्याला एक निवृत्त शिक्षिका आल्या. अंगाने भरलेल्या, हातात छत्री, आणि बसण्याआधीच वजनाबद्दल माफी मागत होत्या. दाजी त्यांना म्हणाला, घाबरू नका बाई, वर जाईपर्यंत कमी होईल. हे तो प्रत्येकाला म्हणतो आणि प्रत्येक जण हसतो. बाईही हसल्या. आम्ही दांड्याखाली घडी केलेलं पोतं ठेवलं, खांदे लावले, आणि निघालो. पिठाच्या गिरणीवरून, शाळेच्या मागच्या भिंतीला धरून, मग पायऱ्या. उंच. उंच. सुटं. मी पाय जपून ठेवला तर दगड घट्ट. कोणीतरी सिमेंट घातलं होतं. मला वाटलं, जिभेची सवय आहे, जाईल हळूहळू.

मग वळण आलं आणि दाजी म्हणाला, मोडकी. मी खुर्चीच्या खालून बघत होतो. त्याची भेगेची टाच वर उचलली गेली आणि लांब ढांग टाकून एका अख्ख्या, धडधाकट, नव्या पायरीच्या पलीकडे गेली. ती पायरी काळ्या पायऱ्यांच्या मधे म्हाताऱ्याच्या तोंडात नवा दात बसवावा तशी पांढरी होती. गावातल्या पोराटोरांना ती गिरणीपासून दिसत होती. मी तिच्यावर पाय ठेवला.

माणसाला सवय असते, मी स्वतःला समजावत होतो. पण जिभेला सवय असते, डोळ्याला नसते. एवढी पांढरी पायरी समोर आली की माणूस दचकतो तरी, किंवा म्हणतो तरी, वा, बसवली वाटतं. दाजी तर प्रत्येक गोष्टीवर बोलणारा माणूस. मी आठवायला लागलो. गेल्या काही महिन्यांत जेवताना तो मीठ मागायचा आणि मीठ त्याच्या ताटाशेजारीच असायचं. रस्त्यात कोणी हात केला तर तो आवाज येईपर्यंत ओळख द्यायचा नाही. मी म्हणायचो, माजलाय. पुढचा सगळा चढ मी त्याच्या टाचांकडे असा बघत गेलो की दुसरं काही सुचेना. वर बाई बसल्या होत्या. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, त्या छत्रीने डोंगर दाखवत होत्या.

वर पोचलो. बाई चपला काढून आत गेल्या. मठ म्हणजे मधे एक मोठं दालन, जाडजूड खांब, आणि तिन्ही बाजूंना संन्याशांच्या लहान लहान खोल्या. प्रत्येक खोलीत दोन दगडी ओटे, भिंतीला लागून, समोरासमोर. उशीसुद्धा दगडाचीच, ओट्यातूनच कोरलेली. लोक ते बघून हळहळतात, बिचारे दगडावर डोकं ठेवून झोपायचे. आम्हाला तसं काही वाटत नाही. कोपऱ्यातल्या खोलीत गार असतं आणि खुर्ची उतरवल्यावर त्या ओट्यावर पाठ टेकली की दगड आहे की गादी हे विचारायची शुद्ध नसते. दाजी तिथे आडवा होतो. मी बाहेर बसतो, कारण माझे पाय ओट्याच्या बाहेर जातात.

त्या दिवशी मी टाक्यातून पेलाभर पाणी आणलं आणि खोलीत गेलो. दाजी उताणा पडला होता, डोळे उघडे. दारातून उजेड येत होता. मी काही न बोलता पेला त्याच्या तोंडासमोर धरला. तो छताकडे बघत राहिला. मी तसाच उभा राहिलो. पाण्याचा एक थेंब त्याच्या छातीवर पडला तेव्हा तो म्हणाला, पाणी आणलंस का, आणि हात पुढे केला. हात पेल्याला न लागता बाजूने गेला.

"दाजी, मोडकी पायरी बसवली त्यांनी," मी म्हणालो. "पांढरी आहे."

तो उठून बसला. मग म्हणाला, तरीच पायाला ती जागा परकी लागली.

मी विचारलं, किती दिसतं. तो म्हणाला, कडेकडेने दिसतं. ज्याच्याकडे बघावं तिथे मधोमध धूर असतो. तुझ्याकडे बघितलं की तुझे दोन्ही कान दिसतात, तोंड नाही, आणि त्यात आपलं फारसं नुकसान झालेलं नाही. हे तो हसत म्हणाला. मला हसू आलं नाही. त्याने मग सगळं सांगितलं. शहरातल्या डॉक्टरकडे तो गुपचूप जाऊन आला होता. मोतीबिंदू असता तर काढला असता, हे पडद्याचं दुखणं आहे, आता जेवढं आहे तेवढं सांभाळा, असं डॉक्टर म्हणाला. तेव्हापासून दाजीने पायऱ्या पाठ करायला घेतल्या होत्या. रोज पहाटे, आम्ही सगळे उठायच्या आधी, रिकाम्या हाताने वर जायचं आणि पायाने एकेक पायरी लक्षात ठेवायची. दिसत होतं तोवर त्याने डोंगर पायात भरून घेतला होता. दुरुस्तीत वाट बंद झाली आणि तेवढाच एक महिना राहून गेला.

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, वर माणूस बसलेलं असतं, बोचकं नसतं. पायऱ्या पाठ केल्यात, वाटेत झोपलेलं कुत्रं पाठ केलंत का? कोणी टाकलेलं साल पाठ केलंत का? तुम्ही पडलात तर बाई पडतील, बाई पडल्या तर मी त्यांच्यावर, आणि सगळे मिळून गिरणीत. तो ऐकून घेत होता. त्याचं म्हणणं एकच, मुकादमाला सांगू नको. मुकादमाला कळलं की दांडा गेला. मी म्हणालो, जाऊ दे, घरी बसा, कोणी उपाशी ठेवत नाही तुम्हाला.

"घरी बसून काय करू रे?" दाजी म्हणाला. "नुसतं बघत बसायचीही सोय नाही आता."

मी पेला त्याच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन बसलो. मुकादमाला सांगायचं, हे मी तिथेच ठरवलं. दुसरं काय करणार होतो? डोळे मिटून दुसऱ्या कोणाच्या आईला त्या खुर्चीत बसवणार होतो? ठरवलं, आणि ठरवल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं, तर तेही वाटेना. नुसता थकवा आला, गुडघ्यापासून वर.

बाई बाहेर आल्या. त्यांना मठ आवडला होता. एका खोलीत दोनच संन्यासी का राहत असतील, असं त्या विचारत होत्या. मी म्हणालो, तिसरा आला की भांडणं होतात. उतरताना आम्ही जागा बदलल्या, मी पुढे, दाजी मागे. एरवी उतरताना मी फारसा बोलत नाही, मला ते जमत नाही, आणि दाजीला या वाटेवर कोण काय सांगणार. त्या दिवशी माझं तोंड थांबेना. खाली. खाली. मोठी. डावीकडे झुडूप. समोरून दोघं येतायत. पोरगी खडे वेचतेय. वळणावर आलो तेव्हा म्हणालो, ही नवी, अख्खी आहे, पाय बिनधास्त ठेवा. मागून दाजीने पाय ठेवला, हे मला दांड्यातून कळलं. जरा थांबला, पायाने ती पायरी चाचपली, मग पुढे आला. बाई म्हणाल्या, चढताना तुम्ही एवढे बोलत नव्हता. मी म्हणालो, उतरताना मला कंठ फुटतो.

दुपारी मी मुकादमाकडे न जाता थेट ताईकडे गेलो. ताई मागच्या दारी भांडी घासत होती. मी सांगितलं आणि म्हणालो, आता तू रडू नकोस. ती रडली नाही. हातातलं पातेलं तिने धुतलं, उपडं घातलं, आणि पुढचं घेतलं. मला कळायला जरा वेळ लागला. तिला माहीत होतं. पहाटे दाजी एकटा जात नव्हता, ती त्याच्या मागून जात होती. माझी सख्खी बहीण, रोज रात्री माझ्या कमरेला तेल लावून देते, आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसली होती. मला दाजीपेक्षा तिचा राग आला. मी म्हणालो, मी काय परका आहे? त्याच्या मागे मीच चालतो ना? तो घसरला तर आधी मी मरणार आहे, निदान मला तरी विचारायचं.

"तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?" ताईने विचारलं.

मी म्हणालो, काय केलं असतं म्हणजे? पुढे गेलो असतो. ज्याला दिसतं त्याने पुढे चालायचं, मागच्याला डोळे लागतातच कुठे?

"तेच," ताई म्हणाली. "तू पुढे गेलास की वाकून चढणार. रोज. आणि तुझी ती कंबर. ते म्हणाले, माझे डोळे जातायत ते जातायत, त्यापायी त्याला कशाला मोडायचं."

तिने पातेलं घासायला घेतलं. मी तिथे पायरीवर बसून राहिलो. मला राग काढायला कोणी उरलं नव्हतं. एवढा वेळ मी त्याला मनातल्या मनात लबाड म्हणत होतो, आणि हा माणूस माझ्या एका मणक्यासाठी डोंगर पाठ करत होता. मी ताईला म्हणालो, चहा टाक. ती म्हणाली, हात रिकामे आहेत तुझे, तूच टाक. मी टाकला. साखर जास्त झाली, ती तसाच प्यायली.

दुसऱ्या दिवशी खुर्च्यांच्या शेडपाशी मुकादम नेहमीसारखा स्टुलावर बसला होता. तो वाईट माणूस नाही, पण त्याच्या डोळ्यातून काही सुटत नाही, आणि सुटू नये यासाठीच त्याला बसवलं आहे. आमच्या वाट्याला एक आजोबा आले, हलके, टोपी घातलेले. दाजी सवयीने पुढच्या दांड्यांकडे गेला. मी त्याचा दंड धरला, मागे नेऊन उभा केला, आणि स्वतः पुढे गेलो. दाजी काहीतरी पुटपुटला. मी लक्ष दिलं नाही.

मुकादम ओरडला, अरे उंटा, चढाला तू पुढे कसा? म्हातारा मागे पडेल की. बाकीचे खुर्चीवाले बघायला लागले. काल मी याच माणसाला सगळं सांगणार होतो.

"त्यांच्या टाचा बघून बघून जीव विटला माझा," मी म्हणालो. "आता थोडे दिवस त्यांनी माझ्या बघाव्यात. वाकेन मी."

सगळे हसले. मुकादमही हसला, पण त्याने दाजीकडे एकदा नीट बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, म्हातारा कलंडला तर दोघांनाही घरी बसवीन. त्याला किती कळलं ते मला माहीत नाही. मी विचारणार नाही.

पायऱ्या लागल्या तसा मी गुडघ्यात आणि कमरेत वाकलो, खांदे खाली घेतले, आणि चढायला लागलो. उंच, मी म्हणत होतो. उंच. ओलं. कुत्रं आहे, उजवीकडे घ्या. इतकी वर्षं या वाटेने चढत होतो, पण चढताना तिचं तोंड आज बघत होतो. काही खास नाही, पायऱ्याच आहेत. थोडं चढल्यावर मणका आपल्या जागेवरून निघाला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी दात आवळून चाललो होतो, आणि आजोबा वरून म्हणाले, अहो, मी मागे चाललोय बरं का. मी आणखी वाकलो. मनात म्हणालो, हे एक दिवसाचं नाही, रोजचं आहे. पावसात, उन्हात, रोज. मला त्या क्षणी रडावंसं वाटलं, आणि ते लपवायला मी मोठ्याने म्हणालो, उंच.

वळणाच्या अलीकडे खांद्यावरची ओढ एकदम थांबली. दांडे सपाट झाले. आजोबा म्हणाले, हं, आता बरं. मला कळेना. पुढच्याने मागे बघायचं नसतं, पण मी मान वळवली. दाजीने मागचे दांडे खांद्यावरून उचलून हातांवर घेतले होते. दोन्ही तळवे कानांच्या वर, कोपरं थरथरत होती, मान लाल झाली होती, आणि डोळे भलतीकडेच, झुडपांकडे, कारण तिकडे बघितलं की त्याला मी दिसतो.

"सरळ चाल," दाजी म्हणाला. "तुझी कंबर इथपर्यंत ऐकू येतेय."

मी म्हणालो, हात तुटतील तुमचे. तो म्हणाला, वळणापर्यंत धरतो, मग तू वाक. मग पुन्हा मी धरतो. बोलू नको, पायरी सांग. मी सरळ झालो. पांढऱ्या पायरीपाशी म्हणालो, नवी. त्याने तिच्यावर पाय ठेवला.

असे आम्ही वर गेलो, थोडं त्याने उचलत, थोडं मी वाकत. आजोबांना उतरवलं, ते टोपी सावरत मठात गेले. दाजी भिंतीला धरून कोपऱ्यातल्या खोलीत जाऊन ओट्यावर पडला. मी बाहेर बसणार होतो, पण पाय तिथवर गेले नाहीत, म्हणून मी समोरच्या ओट्यावर पडलो. पाय बाहेर लोंबकळत होते. मग मी उठलो, कण्हत कण्हत, आणि टाक्यातून पाणी आणलं. पेला त्याच्या हातापाशी धरला आणि सांगितलं, हा घ्या, इथे आहे. त्याने बोटं हलवली, पण हात ओट्यावरून वर येईनात.

मग मी त्याच्या डोक्याखाली हात घातला आणि पेला त्याच्या तोंडाला लावला. थोडं पाणी पोटात गेलं, बाकीचं त्याच्या मानेवरून त्या दगडी उशीवर सांडलं.

"नीट बघ की जरा," दाजी म्हणाला.